एचआयव्ही असताना कोणते कॅन्सर वाढतात, आणि कोणते नाही

एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाचा कॅन्सर होण्याचा धोका इतर बायकांच्या सुमारे सहापट असतो. स्तनाच्या कॅन्सरचा धोका मात्र तिला इतरांपेक्षा जास्त नसतो. पुरुषांतही असंच दिसतं. लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींमधल्या पेशींचा कॅन्सर, कितीतरी पटींनी वाढतो. प्रोस्टेटचा वाढत नाही. प्रतिकारशक्ती ढासळली की सगळेच कॅन्सर सारखे वाढतील असं वाटणं साहजिक आहे, पण गेल्या चाळीसेक वर्षांतल्या नोंदी तसं सांगत नाहीत. ठरावीक कॅन्सरच वाढतात. ते कोणते आणि का, हे कळलं तर एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना पुष्कळ काही करता येतं.

वाढणाऱ्या कॅन्सरची नावं एकापुढे एक ठेवून बघा. गर्भाशयमुख, गुदद्वार, योनी आणि लिंगाचा कॅन्सर, घशाच्या मागच्या भागाचे काही कॅन्सर: या सगळ्यांच्या मागे बहुतेकदा एचपीव्ही हा विषाणू असतो. लिम्फोमाच्या बऱ्याच प्रकारांमागे एपस्टाइन-बार नावाचा विषाणू असतो. यकृताच्या कॅन्सरमागे हेपेटायटिस बी किंवा सी. आणि कापोसी सार्कोमा हा त्वचेवर जांभळट चट्टे आणणारा कॅन्सर एचएचव्ही-८ या विषाणूमुळे होतो. म्हणजे जवळजवळ प्रत्येक नावामागे एचआयव्हीखेरीज आणखी एक विषाणू उभा आहे.

यातले बरेच विषाणू आपल्या ओळखीचे नसले तरी आपल्या शरीरात असतात. एपस्टाइन-बार तर जगातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात आयुष्यभर निपचित पडून असतो. निरोगी माणसाच्या टी-पेशी अशा विषाणूंनी पछाडलेल्या पेशी हुडकतात आणि वेळीच मारतात. एचआयव्ही नेमक्या याच फौजेतल्या सीडी४ पेशी संपवतो. मग दबून बसलेला विषाणू मोकळा होतो, त्याने बिघडवलेल्या पेशी वाढू लागतात आणि त्यातल्या काहींचा वर्षानुवर्षांनी कॅन्सर होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९६ मध्ये एचआयव्ही-१ ला कॅन्सरकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. तरी एचआयव्ही स्वतः पेशीत शिरून तिचा कॅन्सर करतो असं सहसा होत नाही. तो कॅन्सर करणाऱ्या इतर विषाणूंना वाट करून देतो.

हे अनुमान कशावरून? याचा सगळ्यात पटणारा पुरावा एचआयव्ही नसलेल्या माणसांकडून मिळाला. मूत्रपिंड किंवा दुसरा अवयव बसवलेल्यांना नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी या दोन गटांचे जगभरातले अभ्यास शेजारी शेजारी ठेवले. एकीकडे एचआयव्ही असलेले लोक, दुसरीकडे अवयव बसवलेले. दोघांचं वय, राहणीमान, लैंगिक आयुष्य यांत फारसं साम्य नव्हतं. तरी दोन्हीकडे वाढलेले कॅन्सर जवळपास तेच निघाले, आणि त्यातले बहुतेक विषाणूंशी निगडित होते. माणसाचं वागणं हे कारण असतं तर दोन इतक्या वेगळ्या गटांत एकच चित्र दिसलं नसतं. एचआयव्ही असलेल्याला कॅन्सर झाला की ‘केल्याची फळं’ असं म्हणणारे आजही भेटतात. त्यांनी ही तुलना एकदा शांतपणे वाचावी असं मला मनापासून वाटतं.

एचआयव्ही आणि कॅन्सरची जोडी जगाला दिसली ती एचआयव्हीचं नावही ठरलं नव्हतं तेव्हा. जुलै १९८१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातल्या २६ समलिंगी पुरुषांत कापोसी सार्कोमा आढळल्याचं जाहीर केलं. हा आजार मोरिट्झ कापोसी या व्हिएन्नातल्या त्वचारोगतज्ज्ञाने १८७२ मध्येच वर्णन केला होता, पण तो असायचा भूमध्य समुद्राकाठच्या आणि पूर्व युरोपातल्या म्हाताऱ्या पुरुषांत, आणि हळू चालायचा. इथे तो तरण्या माणसांना होत होता आणि झपाट्याने पसरत होता. त्यामागचा विषाणू सापडायला १९९४ उजाडलं. युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी तो शोधला.

पुढे कापोसी सार्कोमा आणि लिम्फोमाचे काही आक्रमक प्रकार एड्सची खूण मानले गेले, आणि १९९३ मध्ये त्या यादीत गर्भाशयमुखाचा कॅन्सर जोडला गेला. बायकांचा आजार यादीत यायला बारा वर्षं लागली. सुरुवातीला हा पुरुषांचाच रोग असं गृहीत धरलं गेलं, याचा तो परिणाम होता, आणि आपल्याकडे त्याचं सावट अजून गेलेलं नाही.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. एचआयव्ही आणि कॅन्सर म्हटलं की इंटरनेटवर सगळ्यात आधी कापोसी सार्कोमाचे फोटो येतात. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या काही देशांत तो पुरुषांमधल्या सर्वांत मोठ्या कॅन्सरपैकी आहे. भारतात तो क्वचितच दिसतो, कारण एचएचव्ही-८ हा विषाणूच आपल्याकडे फार थोड्या लोकांत आहे. एचआयव्ही सगळीकडे एकच असला तरी त्याच्या जोडीला कोणते विषाणू आहेत त्यावर कॅन्सर ठरतो. आपल्याकडे जोडीला सर्वांत जास्त आहे तो एचपीव्ही. एचआयव्हीबाधितांची संख्या देशात सर्वांत जास्त महाराष्ट्रात आहे, आणि त्यात बायका खूप आहेत. त्यातल्या कित्येकींना लागण नवऱ्याकडून झाली, आणि कित्येक आज विधवा आहेत, एकट्याने घर चालवतात. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रात, ठरल्या दिवशी गोळ्या घ्यायला येणाऱ्या या बायकांसाठी गर्भाशयमुखाची तपासणी ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे असावं.

आता गोळ्यांचं. १९९६ च्या सुमाराला तीन औषधं एकत्र देणारी उपचारपद्धती आली आणि ज्या देशांत ती मिळाली तिथे कापोसी सार्कोमा आणि मेंदूतला लिम्फोमा काही वर्षांतच झपाट्याने कमी झाले. भारतात सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. तेव्हा रक्तातल्या सीडी४ पेशींची संख्या बरीच खाली गेल्यावरच गोळ्या सुरू करत. थांबायचं की लगेच सुरू करायचं, याचं उत्तर २०१५ मध्ये ‘स्टार्ट’ या जागतिक अभ्यासाने दिलं. सीडी४ पाचशेच्या वर असलेले ४,६८५ लोक त्यात होते. लगेच गोळ्या सुरू केलेल्यांत १४ जणांना कॅन्सर झाला, थांबलेल्यांत ३९ जणांना. दोन्ही गट जवळपास सारख्याच संख्येचे होते. २०१७ पासून भारतातही सीडी४ कितीही असो, निदान झालं की औषध, असं धोरण आहे. त्यामुळे ‘मला काही त्रास नाही, मग एवढ्यात गोळ्या कशाला’ असं म्हणणाऱ्याला द्यायचं उत्तर आज आपल्याकडे आहे: गोळ्या लवकर घेतल्याने कॅन्सरही टळतो.

पण सगळे नाही, आणि इथे लक्ष द्यायला हवं. गोळ्यांनी कापोसी सार्कोमा जितका कमी झाला तितका गर्भाशयमुखाचा कॅन्सर कमी झाला नाही. एआरटीची गोळी एचआयव्हीला रोखते, एचपीव्हीला मारत नाही. निदान होण्याआधीच्या काही वर्षांत, प्रतिकारशक्ती पडलेली असताना, गर्भाशयमुखाच्या पेशींत जे बदल सुरू झाले ते सीडी४ वर आल्यावरही पुढे चालू राहू शकतात. एरवी एचपीव्हीचा संसर्ग बहुतेक बायकांत वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. टिकून राहिला तरी कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती कमी असेल, विशेषतः एचआयव्हीवर उपचार झालेले नसतील, तर हाच प्रवास ५ ते १० वर्षांत होऊ शकतो. ‘व्हायरल लोड’, म्हणजे रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण, ‘सापडत नाही’ असा रिपोर्ट फार चांगला आहे, त्याचा आनंद जरूर मानावा. पण तो गर्भाशयमुखाबद्दल काहीच सांगत नाही.

त्या पाच-दहा वर्षांत काही दुखत नाही, काही दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच सगळं सहज बरं करता येतं. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणं, घाण वासाचं पाणी जाणं ही लक्षणं दिसेपर्यंत बहुतेकदा कॅन्सर झालेला असतो. म्हणून ही तपासणी त्रास होत नसताना करायची असते, आणि हे बायकांना पटवणं अवघड जातं. आधीच महिन्याच्या मजुरीतला एक दिवस एआरटी केंद्राच्या रांगेत जातो. त्यात काही होत नसताना आणखी एका खोलीत जाऊन तपासून घे म्हटलं तर ‘पुढच्या खेपेला’ हेच उत्तर येणार. तपासणी त्याच इमारतीत, त्याच दिवशी, बाईच्या हातून झाली तर हे उत्तर बदलतं.

तपासणीचे प्रकार मुख्यतः तीन. पॅप स्मिअरमध्ये गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. व्हीआयए तपासणीत तिथे पातळ ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावतात आणि मिनिटभर थांबून पांढरा चट्टा उमटतो का ते बघतात. तिसरी एचपीव्हीची तपासणी. तिच्यात धोकादायक प्रकारचा विषाणू आहे का हेच थेट कळतं. तिचा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते, आणि लाजेपायी तपासणी टाळणाऱ्या बायकांसाठी ही मोठी सोय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की एचआयव्ही असलेल्या बायकांची तपासणी वयाच्या २५ व्या वर्षापासून सुरू करावी आणि शक्यतो एचपीव्हीचीच करावी, दर ३ ते ५ वर्षांनी. एचआयव्ही नसलेल्यांसाठी हेच वय ३० आहे आणि अंतर ५ ते १० वर्षांचं. पाळी गेल्यानंतर व्हीआयएवर फार विसंबू नये, कारण जिथे बदल सुरू होतात तो भाग तेव्हा आत सरकलेला असतो आणि डोळ्यांना दिसत नाही.

या तपासण्या खरंच जीव वाचवतात हे जगाला दाखवण्यात महाराष्ट्राचा वाटा फार मोठा आहे, आणि तो आपल्यालाच नीट माहीत नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा मेमोरियल त्यात होतं. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्हीची तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू आठ वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. दुसरा अभ्यास मुंबईच्या वस्त्यांतला. टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाख बायकांना त्यात घेतलं. वस्तीतल्याच, शाळेपुरत्या शिकलेल्या बायकांना थोडक्या आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी दर दोन वर्षांनी व्हीआयए तपासणी केली. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. या दोन्ही अभ्यासांत तुलनेच्या गटातल्या बायकांची अशी तपासणी झाली नाही. त्यावरून पुढे वाद झाला, आणि माझ्या मते तो व्हायलाच हवा होता. पण त्या बायकांच्या खात्यावर जे ज्ञान जमा झालं ते वापरायचंच नाही, हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय ठरेल. एचआयव्ही असलेल्या बायकांसाठी हे काम कसं करायचं तेही आपल्याकडे करून पाहिलेलं आहे: पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेने अशा हजाराहून अधिक बायकांची तपासणी करून त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये मांडले.

मुलींसाठी एचपीव्हीविरुद्धची लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ २०२३ पासून मिळते. एचआयव्ही असलेल्या मुलींना ती देता येते, मात्र त्यांना एक डोस पुरत नाही. शक्यतो तीन द्यावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जन्मापासून एचआयव्ही घेऊन वाढणाऱ्या मुलींच्या आया-आज्यांनी बालरोगतज्ज्ञांकडे हे आवर्जून विचारावं.

दुसरी गोष्ट मानेतल्या गाठीची. आपल्याकडे एचआयव्ही असलेल्या माणसाच्या मानेत, काखेत गाठ आली, संध्याकाळचा ताप येऊ लागला, रात्री घाम फुटू लागला, वजन उतरलं की पहिला संशय टीबीचा येतो. तो योग्यच आहे, कारण बहुतेकदा टीबीच असतो. पण लिम्फोमाची लक्षणंही हुबेहूब हीच. घोळ होतो तो इथे. तपासणी न करता किंवा सुईने घेतलेल्या चार थेंबांवर भागवून एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू होते, आणि माणूस महिनोन्‌महिने टीबीची औषधं घेत राहतो. काही लिम्फोमा इतके वेगाने वाढतात की ही दिरंगाई परवडत नाही.

यात आणखी एक गुंता आहे. टीबी खराच असेल आणि एआरटीही नुकतीच सुरू झाली असेल, तर परतलेली प्रतिकारशक्ती टीबीच्या जंतूंवर तुटून पडते आणि गाठ काही काळ उलट वाढते. म्हणजे गाठ वाढली याचा अर्थ लगेच कॅन्सर असा नाही, आणि टीबीच्या औषधांनी ताप थोडा उतरला याचा अर्थ टीबीच असाही नाही. सुईच्या तपासणीत लिम्फोमा निसटू शकतो. अख्खी गाठ काढून केलेली बायोप्सी खरं सांगते. गाठ मानेत किंवा काखेत असेल तर ही सहसा छोटी शस्त्रक्रिया असते. टीबीचे जंतू तपासणीत सापडलेले नसताना एकेटी चालू असेल आणि काही आठवड्यांत फरक पडत नसेल, तर ‘डॉक्टर, गाठीची बायोप्सी करायची का?’ असं रुग्णाने विचारायला हरकत नाही. विचारावंच. आणि सीडी४ चांगला आहे म्हणून लिम्फोमा होणारच नाही असंही समजू नये. बर्किट आणि हॉजकिन हे प्रकार सीडी४ बऱ्यापैकी असतानाही होतात.

गुदद्वाराच्या कॅन्सरबद्दल आपल्याकडे कुणीच बोलत नाही. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या, एचआयव्ही असलेल्या पुरुषांत त्याचा धोका सर्वांत जास्त, पण एचआयव्ही असलेल्या बायकांतही तो वाढलेला असतो. तिथलं रक्त जाणं म्हणजे मूळव्याध असं ठरवून मलम लावत बसण्यापेक्षा डॉक्टरांना बोटाने तपासू द्यावं. कॅन्सरआधीचे बदल काढून टाकले तर पुढचा कॅन्सर निम्म्याहून जास्त टळतो, हे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने सिद्ध केलं आहे.

यकृताचं त्या मानाने सोपं आहे. हेपेटायटिस बी आणि सी दोन्ही एकदा रक्तात तपासून घ्यावेत. बी नसेल तर लस घ्यावी. असेल तर एआरटीमधली टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही औषधं त्याच्यावरही काम करतात, म्हणून गोळ्या मनाने बंद करणं अशा माणसाला दुहेरी महागात पडतं. हेपेटायटिस सी बहुतेकांत तीनेक महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो.

राहिला तंबाखू. विषाणूंच्या यादीत न बसणारा फुप्फुसाचा कॅन्सरही एचआयव्ही असलेल्यांत जास्त दिसतो. त्यात विडी-सिगारेटचा वाटा सर्वांत मोठा, पण तेवढा वजा केला तरी काही धोका उरतोच. गोळ्या नियमित घेणाऱ्या पण विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाला आज एड्सपेक्षा धूम्रपानच जास्त मारतं, असं अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याकडे त्यात तंबाखू-चुना, गुटखा आणि गावाकडची मिशरी येते. मिशरीला बायका व्यसन मानत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की ‘नाही’ म्हणतात. एआरटी केंद्रातल्या समुपदेशकांनी ‘मिशरी लावता का?’ असं वेगळं विचारायला हवं. तोंड कमी उघडणं, पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारं तोंडातलं व्रण ही दाखवायची लक्षणं आहेत.

गोळ्यांमुळे लोक आता साठी-सत्तरी गाठतात. वयाबरोबर येणारे कॅन्सर त्यांनाही होणार, जसे सगळ्यांना होतात. तेव्हा आणि एरवीही एक भीती अनेकांच्या मनात असते: एचआयव्ही असताना किमो झेपेल का? गोळ्या चालू ठेवून किमो, रेडिएशन, शस्त्रक्रिया सगळं करता येतं आणि करतात. व्हायरस काबूत असेल तर पुष्कळ कॅन्सरमध्ये उपचारांचा गुण इतरांसारखाच येतो. फक्त दोन्हीकडच्या डॉक्टरांना दोन्ही आजार माहीत असले पाहिजेत. एआरटीच्या दुसऱ्या टप्प्यातलं रिटोनाविर काही किमो औषधांची रक्तातली मात्रा वाढवतं, त्यामुळे विषबाधा होऊ शकते. झिडोव्हुडिन आणि किमो मिळून रक्तपेशी फार कमी करतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनसोबत देतात ते सिस्प्लॅटिन आणि टेनोफोविर, दोन्ही मूत्रपिंडांवर ताण आणतात. यातलं सगळंच टाळता येण्यासारखं आहे, औषध बदलता येतं. पण कॅन्सर रुग्णालयात एचआयव्ही लपवला तर ते कुणालाच करता येत नाही.

लोक लपवतात, कारण सांगितल्यावर ऑपरेशनची तारीख पुढे पुढे ढकलली गेल्याचे, खाटेवर पाटी लावल्याचे अनुभव त्यांनी ऐकलेले असतात. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं किंवा परवानगीशिवाय कुणाची एचआयव्हीची माहिती उघड करणं त्यानुसार बेकायदा आहे. वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या रुग्णालयांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि राज्य पातळीवर लोकपालाकडे दाद मागता येते. तक्रार लेखी द्यावी, तारीख घालावी, पोच घ्यावी. एकट्याने जायचा धीर होत नसेल तर एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाला किंवा जिल्ह्यातल्या एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनेतल्या कुणाला सोबत न्यावं. कॅन्सरच्या उपचारांचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, हेही त्याच खेपेला रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावं. जाताना रेशन कार्ड, आधार कार्ड आणि एआरटीची कागदपत्रं जवळ ठेवावीत.